तर्काचा तराजू : तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की काही मुस्लिम घरांतून एक जुनी चिंता नव्याने डोके वर काढते. मुलगा किंवा मुलगी कला शाखेत जाते, विषयांच्या यादीत तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान ही नावे दिसतात आणि घरातील वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरतो. फलसफा शिकणाऱ्याचे इमान टिकत नाही, असे त्यांनी कोणाकडून तरी ऐकलेले असते. मुलांच्या मनात नेमकी याच्या उलट समजूत असते : वर्गात शिकवले जाते ते बुद्धीचे आणि घरात शिकवले जाते ते केवळ रिवाजाचे. या दोहोंपैकी कोणतीही समजूत बरोबर घेऊन जो वर्गात बसतो, तो विषय नीट शिकत नाही आणि दीनही नीट समजून घेत नाही.

प्रस्तुत लेख अशा विद्यार्थ्यांना उद्देशून लिहिला आहे. त्यांच्या पालकांनीही तो वाचावा अशी इच्छा आहे, कारण ज्या प्रश्नांचा निकाल घरात भीतीने लावला जातो, ते प्रश्न मुले पुढे घरात विचारतच नाहीत.

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे दोन वेगळे विषय आहेत. तर्कशास्त्र ईश्वराविषयी, आत्म्याविषयी किंवा जगाच्या आरंभाविषयी काहीही सांगत नाही. दिलेल्या विधानांवरून एखादा निष्कर्ष निघतो की नाही, एवढेच ते पाहते. तत्त्वज्ञान मात्र दावे करते. जग अनादी आहे, ज्ञान केवळ इंद्रियांनी होते, चांगले-वाईट हे सुखावरून ठरते, हे सारे दावे आहेत आणि प्रत्येक दाव्याचा पुरावा मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. इमाम गझाली (रह.) यांनी आपल्या ‘अल-मुन्किझ मिनज्-झलाल’ या आत्मचरित्रात्मक ग्रंथात तत्त्वज्ञांच्या विद्यांचे सहा भाग केले आहेत : गणित, तर्कशास्त्र, भौतिकी, ईश्वरमीमांसा, राजनीती आणि नीतिशास्त्र. गणित आणि तर्कशास्त्र यांचा धर्माच्या स्वीकाराशी वा नकाराशी काहीही संबंध नाही, असे ते स्पष्ट सांगतात. त्यांच्या मते तत्त्वज्ञांच्या बहुतेक चुका ईश्वरमीमांसेत आहेत, आणि त्या झाल्या याचे कारण असे की तर्कशास्त्रात पुराव्याच्या ज्या कठोर अटी त्यांनी स्वतः घातल्या होत्या, त्या तेथे त्यांना पाळता आल्या नाहीत.

हे लिहिणारा मनुष्य तत्त्वज्ञानाचा सर्वांत प्रसिद्ध टीकाकार आहे, ही गोष्ट विसरू नका. इ.स. १०५८ मध्ये तूस येथे जन्मलेले गझाली बगदादच्या निझामिया विद्यापीठात शिकवत असताना फावल्या वेळात तत्त्वज्ञांचे ग्रंथ वाचत असत. कोणीही गुरू न करता दोन वर्षांहून कमी काळात ते ग्रंथ त्यांनी समजून घेतले आणि नंतर जवळजवळ वर्षभर त्यांवर मनन केले, असे ते नोंदवतात. प्रथम विषय पुरता समजून घ्यायचा आणि मगच त्यावर बोलायचे, हा त्यांचा क्रम होता.

आपल्याकडील मदरशांतूनही हा विषय परका नाही. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निझामुद्दीन यांच्या नावाने जो ‘दर्से निझामी’ अभ्यासक्रम रूढ झाला, त्यात मन्तिक म्हणजे तर्कशास्त्राला मोठे स्थान होते. अबहरी यांची ‘ईसागूजी’, तफ्ताझानी यांची ‘तहझीब’, कुतबुद्दीन राझी यांची ‘कुतबी’ आणि मुहिब्बुल्लाह बिहारी यांची ‘सुल्लमुल् उलूम’ ही पुस्तके पिढ्यान् पिढ्या आलिम होऊ पाहणाऱ्यांनी घोकली आहेत. तेव्हा मुलाच्या हातातील तर्कशास्त्राचे पाठ्यपुस्तक पाहून ज्या वडिलांच्या कपाळावर आठी पडते, त्यांनी मोहल्ल्यातील एखाद्या वयोवृद्ध मौलाना साहेबांना विद्यार्थिदशेत आपण काय वाचले हे एकदा अवश्य विचारावे.

पाच मापे

वर्गात तुम्हाला अनुमानाचे प्रकार शिकवले जातील. ते पाठ करणे सोपे आहे, पण त्यांची सवय लागणे कठीण. म्हणून येथे गझाली यांच्याच एका छोट्या ग्रंथाचा आधार घेऊ. त्याचे नाव ‘अल-किस्तासुल् मुस्तकीम’, म्हणजे सरळ तराजू. कुरआनात मोजमाप करताना सरळ तराजूने तोलण्याची जी आज्ञा आहे, तिच्यातूनच हे नाव घेतले आहे. ग्रंथ संवादरूप आहे. समोरची व्यक्ती म्हणते की सत्य कळण्यासाठी चूक न करणारा एखादा इमामच हवा. गझाली उत्तर देतात की तोलण्याची मापे कुरआनानेच आपल्या हाती दिली आहेत, आणि मग एकेक माप काढून दाखवतात. ही मापे म्हणजे तुमच्या पाठ्यपुस्तकातील अनुमानाचे आकारच होत.

पहिले माप सूरह अल-बकरहच्या २५८ व्या आयतीतील संवादावरून घेतले आहे. ह. इब्राहीम (अ.) एका सत्तांध राजाला सांगतात की माझा पालनकर्ता जीवन देतो आणि मृत्यू देतो. राजा म्हणतो, हे तर मीही करतो. भाष्यकारांनी सांगितले आहे की त्याने एका कैद्याला सोडले आणि दुसऱ्याला मारविले. तेव्हा ह. इब्राहीम (अ.) म्हणतात, अल्लाह सूर्य पूर्वेकडून आणतो, तू तो पश्चिमेकडून आण. राजा निरुत्तर होतो. गझाली यातील अनुमान उलगडून मांडतात : जो सूर्य उगविण्यास समर्थ तो ईश्वर; माझा पालनकर्ता सूर्य उगविण्यास समर्थ आहे; म्हणून माझा पालनकर्ता ईश्वर आहे. दोन आधारविधाने, त्यांना जोडणारे एक मध्यपद आणि एक निष्कर्ष. पाठ्यपुस्तकात यालाच सिलॉजिझमची पहिली आकृती म्हणतात.

परंतु या संवादात दुसराही एक धडा आहे आणि विद्यार्थ्याने तेथे थोडे थांबावे. राजाने ‘जीवन देणे’ या शब्दांचा अर्थ बदलला. निर्माण करणे हा अर्थ बाजूला सारून त्याने न मारता सोडून देणे हा अर्थ घेतला. एकच शब्द दोन अर्थांनी वापरून केलेला हा तर्कदोष आजही सर्वाधिक आढळतो. ‘स्वातंत्र्य’, ‘विज्ञान’, ‘निसर्ग’, ‘धर्म’ हे शब्द एका परिच्छेदाच्या आरंभी एका अर्थाने येतात आणि शेवटी दुसऱ्याच अर्थाने उभे असतात. ह. इब्राहीम (अ.) त्या शब्दावर हुज्जत घालत बसले नाहीत. ज्यात अर्थ बदलण्यास जागाच नाही असे उदाहरण त्यांनी पुढे केले. वादात अडकलेल्या विद्यार्थ्याने हा मार्ग वापरून पाहावा.

दुसरे माप सूरह अल-अनआममधील तारा, चंद्र आणि सूर्य यांच्या प्रसंगातले. चंद्र मावळतो, ईश्वर मावळत नाही, म्हणून चंद्र ईश्वर नव्हे. दोन गोष्टींपैकी एकीत जो गुण आहे तो दुसरीत नसेल, तर त्या दोन गोष्टी एकच असू शकत नाहीत. ही दुसरी आकृती, आणि तिचा निष्कर्ष नेहमी नकारार्थीच असतो. तिसरे माप त्याच सूरहच्या ९१ व्या आयतीत आहे. अल्लाहने कोणत्याही मानवावर काहीही अवतरित केले नाही, असे म्हणणाऱ्यांना विचारले गेले की मग मूसा (अ.) यांनी आणलेला ग्रंथ कोणी अवतरित केला? मूसा (अ.) मानव होते, मूसा (अ.) यांच्यावर ग्रंथ अवतरला, म्हणून काही मानवांवर ग्रंथ अवतरला आहे. ‘एकही नाही’ असा सार्वत्रिक दावा खोडण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे असते. पण लक्षात ठेवा, त्या एका उदाहरणावरून ‘सर्व’ सिद्ध होत नाही. एका दुराचारी मनुष्याकडे बोट दाखवून एखाद्या संपूर्ण समाजाविषयी बोलणारे लोक हेच विसरतात. आपणही इतर समाजांविषयी बोलताना हे विसरतो.

चौथे माप अत्यंत महत्त्वाचे. सूरह अल-अंबियाच्या २२ व्या आयतीचा आशय असा की आकाश आणि पृथ्वी यांत अल्लाहशिवाय इतर ईश्वर असते, तर दोहोंची व्यवस्था बिघडली असती. व्यवस्था बिघडलेली नाही. म्हणून इतर ईश्वर नाहीत. हे जर-तर विधानावर आधारलेले अनुमान आहे. ‘जर’ने सुरू होणारा भाग पूर्वांग, ‘तर’ने सुरू होणारा उत्तरांग. उत्तरांग खोटे ठरले की पूर्वांग खोटे ठरते.

विद्यार्थी नेमके येथे चुकतात, म्हणून गझाली यांचे दुसरे एक उदाहरण पाहू. ते प्रत्येक नमाजी माणसाला कळण्याजोगे आहे. ‘नमाज दुरुस्त असेल, तर नमाज पढणारा पाक असला पाहिजे.’ यावरून चार गोष्टी संभवतात. नमाज दुरुस्त आहे असे कळले, तर तो पाक होता हे निश्चित. तो पाक नव्हता असे कळले, तर नमाज झाली नाही हेही निश्चित. पण तो पाक होता एवढेच कळले, तर? काहीही सिद्ध होत नाही. वुझू असूनही किब्ला चुकला असेल, वेळ झाली नसेल. आणि नमाज झाली नाही एवढेच कळले, तरीही तो नापाक होता असे म्हणता येत नाही, कारण बिघाड दुसऱ्या एखाद्या अटीत असू शकतो. चारांपैकी पहिली दोन अनुमाने वैध आणि उरलेली दोन अवैध. पुढे सत्यता कोष्टके येतील, चिन्हे येतील, तेव्हा गोंधळ झाला तर या वुझूच्या उदाहरणाकडे परत या.

आता हेच माप आपल्या बोलण्याला लावून पाहा. खरा ईमानदार मनुष्य व्यवहारात सचोटीने वागतो. अमुक गृहस्थ सचोटीने वागतात. म्हणून ते खरे ईमानदार आहेत. किंवा, अल्लाह ज्याच्यावर प्रसन्न असतो त्याला यश देतो. अमक्याला यश मिळाले. म्हणून अल्लाह त्याच्यावर प्रसन्न आहे. दुसऱ्यात तर आधारविधानाचाही प्रश्न आहे, पण ते क्षणभर मान्य केले तरी दोन्ही निष्कर्ष निघत नाहीत. असे युक्तिवाद आपल्या सभांतून, भ्रमणध्वनीवरील संदेशांतून, कधीकधी मिंबरावरूनही ऐकू येतात. निष्कर्ष आपल्याला आवडतो म्हणून आपण युक्तिवाद तपासत नाही. तर्कशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या सत्रात विरोधकांच्या चुका काढू लागतो. दुसऱ्या सत्रापर्यंत त्याला स्वतःच्या बाजूच्या चुका दिसू लागल्या, तरच त्याचे शिक्षण सुरू झाले असे समजावे. चुकीच्या युक्तिवादाने खरे मत मांडणारा वक्ता त्या मताचे नुकसानच करतो, कारण ऐकणारा युक्तिवाद पाडतो आणि मतच पडले असे समजून निघून जातो.

पाचवे माप ‘हे किंवा ते’ या स्वरूपाचे आहे. सूरह सबाच्या २४ व्या आयतीत आम्ही किंवा तुम्ही, यांपैकी एकच पक्ष सन्मार्गावर आणि दुसरा मार्गभ्रष्ट असणार, अशा आशयाची मांडणी आहे. दोन पर्यायांपैकी एक नाकारला की दुसरा उरतो. या मापाची अट एवढीच की पर्याय खरोखर सगळे मोजलेले असावेत. एकेश्वरत्व आणि अनेकेश्वरत्व यांत तिसरा पर्याय नाही, म्हणून येथे माप बरोबर बसते. पण ‘एकतर धर्म माना, नाहीतर विज्ञान’ किंवा ‘एकतर मुलांना तत्त्वज्ञान शिकवू नका, नाहीतर त्यांचे इमान विसरा’ अशा वाक्यांत तिसरा पर्याय लपवलेला असतो.

वैध असणे आणि सत्य असणे

पहिल्याच महिन्यात शिक्षक सांगतील की युक्तिवाद वैध असूनही त्याचा निष्कर्ष असत्य असू शकतो. सर्व पक्षी उडतात. शहामृग पक्षी आहे. म्हणून शहामृग उडतो. रचनेत खोट नाही, खोट पहिल्या विधानात आहे. हा भेद पक्का झाला की तत्त्वज्ञानाच्या तासाला येणारी निम्मी भीती नाहीशी होते, कारण कोणताही युक्तिवाद समोर आला तरी तुम्ही दोन स्वतंत्र प्रश्न विचारू शकता : निष्कर्ष निघतो का? आणि आधारविधाने खरी आहेत का?

ईश्वराच्या अस्तित्वाचा जो युक्तिवाद गझाली यांनी ‘अल-इक्तिसाद’मध्ये मांडला आहे, तो असा : ज्याला आरंभ आहे त्याला कारण आहे, जगाला आरंभ आहे, म्हणून जगाला कारण आहे. रचना निर्दोष आहे. म्हणजे ज्याला हा निष्कर्ष मान्य नसेल, त्याला दोहोंपैकी एका विधानावर बोट ठेवावेच लागेल. ॲरिस्टॉटलने दुसऱ्यावर ठेवले, कारण त्याच्या मते जग अनादी आहे. इब्न सीना (इ.स. ९८०–१०३७) यांनीही जगाचा काळातील आरंभ मानला नाही. पण येथे एक गंमत पाहा : दोघांनीही ईश्वर नाकारला नाही. इब्न सीना यांनी वेगळीच वाट धरली. जगातील कोणतीही वस्तू असू शकते तशी नसूही शकते, तिचे असणे तिच्या स्वतःच्या बळावर नाही. तेव्हा जिचे असणे अनिवार्य आहे अशा सत्तेपाशी गेल्याशिवाय या वस्तूंचा उलगडा होत नाही, असा तो युक्तिवाद आहे. म्हणून ‘एक युक्तिवाद पडला, म्हणजे ईश्वर नाही’ असे वर्गात कोणी म्हटले, तर ते म्हणणे तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात नापास होते.

याच ठिकाणी तो नेहमीचा प्रश्न येईल : सर्वांना कारण आहे तर ईश्वराला कोणी निर्माण केले? शांतपणे पहिले आधारविधान पुन्हा वाचा. ‘प्रत्येक गोष्टीला कारण आहे’ असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. ‘ज्याला आरंभ आहे त्याला’ असे म्हटले आहे. प्रश्नकर्त्याने विधान बदलले आहे.

पहिल्या विधानावर बोट ठेवणारा विचारवंत तुम्हाला आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात भेटेल : डेव्हिड ह्यूम. १७४८ च्या त्याच्या ग्रंथात तो म्हणतो की कारण आणि कार्य यांच्यातील अनिवार्य संबंध आपल्याला कधी दिसतच नाही. एकामागून दुसरे घडते एवढेच दिसते, बाकीची मनाची सवय. विद्यार्थ्यांना हे फार नवे वाटते. परंतु ‘तहाफुतुल् फलासिफा’च्या सतराव्या प्रकरणात गझाली यांनी साडेसहाशे वर्षांपूर्वी कापूस आणि आग यांचे उदाहरण घेऊन जवळजवळ हेच निरीक्षण नोंदवले आहे : आगीचा स्पर्श होताच कापूस जळताना दिसतो, आगीमुळे जळतो हे डोळ्यांना दिसत नाही. निरीक्षण एक, पण पुढची पावले भिन्न. ह्यूम मनाच्या सवयीपाशी थांबतो. गझाली म्हणतात की जाळणारा कर्ता अल्लाह आहे, निर्जीव आग कर्ता असू शकत नाही. मग गझाली स्वतःच्याच आधारविधानाला सुरुंग लावतात का? चाणाक्ष विद्यार्थी हे विचारील आणि त्याने विचारावेच. त्याचे उत्तर असे की घटनेला कर्ता लागतो हे त्यांनी नाकारलेले नाही; आग हा कर्ता आहे हे नाकारले आहे. कॉर्डोव्हाच्या इब्न रुश्द (इ.स. ११२६–११९८) यांना मात्र हे उत्तर पटले नाही. वस्तूंमधील कारणत्व नाकारले तर ज्ञानच अशक्य होईल, असे त्यांनी ‘तहाफुतुत् तहाफुत’मध्ये लिहिले. हे दोघेही मुसलमान, दोघेही फिक्हचे जाणकार. एकाच उम्मतीत अशा प्रश्नावर एवढा खुला वाद झाला, ही अभिमानाने अभ्यासण्याची गोष्ट आहे.

कियास आणि इल्लत

विगमनाच्या प्रकरणात, म्हणजे विशिष्ट उदाहरणांवरून सामान्य नियमाकडे जाण्याच्या अनुमानात, जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती येतील. येथे मुस्लिम विद्यार्थ्याला एक फायदा आहे आणि त्याची बहुतेकांना कल्पना नसते. उसूले फिक्हमध्ये एखाद्या हुकुमाची इल्लत, म्हणजे त्यामागील कारक गुण, शोधण्याच्या पद्धती आहेत. त्यांपैकी एक ‘दौरान’ : गुण आला की हुकूम येतो, गुण गेला की हुकूम जातो. द्राक्षाचा ताजा रस हलाल आहे. त्यात नशा उत्पन्न झाली की तो हराम होतो. पुढे त्याचा सिरका झाला, नशा गेली, की तो पुन्हा हलाल. रंग, द्रवरूप, द्राक्षापासून होणे हे गुण हुकुमाबरोबर बदलत नाहीत, नशा बदलते. म्हणून इल्लत नशा. मिलची अन्वय-व्यतिरेकाची पद्धत वाचताना हे उदाहरण समोर ठेवा, प्रकरण एका बैठकीत समजेल.

एका शब्दाची मात्र काळजी घ्या. मन्तिकमध्ये ‘कियास’ म्हणजे सिलॉजिझम. फिक्हमध्ये ‘कियास’ म्हणजे एका प्रसंगाचा हुकूम समान इल्लतीमुळे दुसऱ्या प्रसंगाला लावणे. तर्कशास्त्रज्ञ याला साम्यानुमान म्हणतात आणि त्याचा निष्कर्ष केवळ संभाव्य मानतात.

इमाम इब्न तैमिया (इ.स. १२६३–१३२८) यांनी ‘अर्-रद्द अलल् मन्तिकीय्यीन’ या ग्रंथात नेमकी येथेच हरकत घेतली. समानतेचे कारण पक्के कळले असेल तर साम्यानुमान आणि सिलॉजिझम यांत बळाचा फरक उरतोच कोठे? ‘सर्व’ हे विधान तरी आपल्याला एकेक उदाहरण पाहिल्यावाचून कळले काय? एकोणिसाव्या शतकात मिलनेही सिलॉजिझमविषयी याच जातीची शंका काढली : ‘सर्व मानव मर्त्य आहेत’ हे म्हणतानाच निष्कर्ष त्यात गृहीत धरलेला असतो. इब्न तैमिया यांचे मत असे होते की ग्रीक तर्कशास्त्राची हुशार माणसाला गरज नाही आणि मंद माणसाला त्याचा उपयोग नाही. प्रस्तुत लेखकाला ते मत टोकाचे वाटते. तरीही ग्रंथ वाचण्याजोगा आहे, कारण तर्कशास्त्रावरील ही टीका बारकाईने केलेल्या तर्कानेच केलेली आहे. ज्यांच्या नावाने आज ‘मन्तिक वाचू नका’ असे सांगितले जाते, त्यांनी ते किती कसून वाचले होते, हे त्यातून कळते. इब्न सलाह (मृत्यू इ.स. १२४५) यांच्या फतव्यात मन्तिकला सरळ मनाई होती. सोळाव्या शतकातील अखझरी यांनी आपल्या पद्यमय पाठ्यग्रंथात तिन्ही मते नोंदवून, ज्याची बुद्धी निकोप आहे आणि ज्याला कुरआन व सुन्नत यांची चांगली ओळख आहे त्याला हे शिकणे योग्य, असा मध्यम पक्ष घेतला.

शंका आली तर

अखझरी यांची ही अट पालकांनी मुलांना विषय नाकारण्यासाठी वापरू नये. ती विद्यार्थ्याने स्वतःला लावून घ्यायची आहे. महिनाभर ह्यूम वाचायचा आणि कुरआनाचे ज्ञान मात्र सातव्या वर्षी मक्तबात ऐकले तेवढेच, असे झाले की तराजूची दोन्ही पारडी सारखी राहत नाहीत. तरुणाच्या बुद्धीपुढे प्रौढांचे तत्त्वज्ञान आणि बालकांचा धर्म उभा राहतो, आणि मग तो म्हणतो की धर्म हरला.

शंका येतील. त्यांची लाज बाळगू नका. सहीह मुस्लिममध्ये नोंद आहे की काही सहाबांनी प्रेषित (स.) यांना सांगितले, आमच्या मनात असे विचार येतात की ते तोंडाने उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. प्रेषितांनी (स.) त्यांना झिडकारले नाही, हे तर स्पष्ट इमान आहे, असा दिलासा दिला. गझाली स्वतःविषयी लिहितात की जवळजवळ दोन महिने त्यांचा इंद्रियांवर आणि बुद्धीवरही विश्वास उरला नव्हता. सावली स्थिर दिसते पण ती सरकत असते. तारा दीनाराएवढा दिसतो पण तो पृथ्वीहून मोठा असतो. मग बुद्धीच्या साक्षीचा तरी भरवसा काय? १६४१ मध्ये देकार्तने आपल्या चिंतनग्रंथात स्वप्न आणि इंद्रियभ्रम यांवरून असाच संशय उभा केला, आणि तो तुम्हाला अभ्यासाला असेल. देकार्त त्यातून स्वतःच्या विचार करण्याच्या निश्चितीवर बाहेर पडला. गझाली म्हणतात की त्यांना पुराव्याने बाहेर काढले नाही. अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने काढले. तेव्हा सर्व काही युक्तिवादाने सिद्ध झाल्याशिवाय एक पाऊलही टाकणार नाही, असा हट्ट धरू नका. तर्कशास्त्राची मूलतत्त्वेही तर्काने सिद्ध होत नाहीत. ती मानूनच तर्क सुरू होतो.

‘मुन्किझ’मधील दोन इशारे येथे सांगितलेच पाहिजेत. एक, गणित आणि तर्कशास्त्र यांतील अचूकता पाहून विद्यार्थी दिपतो आणि त्या लोकांचे सर्वच म्हणणे तेवढेच अचूक असेल असे मानू लागतो. दुसरा इशारा आपल्यासाठी अधिक बोचरा आहे. इस्लामचा अडाणी मित्र समजतो की तत्त्वज्ञांची प्रत्येक गोष्ट नाकारणे म्हणजे धर्माची सेवा. तो ग्रहणांचे गणितही नाकारतो. ज्याला ते गणित नक्की कळलेले आहे तो हे ऐकून गणितावर शंका घेत नाही. इस्लाम अज्ञानावर उभा आहे असे समजतो. शंका विचारणाऱ्या मुलाला मस्जिदीत गप्प बसवणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. भारतीय तत्त्वज्ञानाचा पेपर असेल तर तो परधर्माचा म्हणून अंग चोरून वाचू नका. अल-बिरूनी यांनी पतंजलीच्या योगग्रंथाचे अरबीत रूपांतर केले आणि इ.स. १०३० च्या सुमारास ‘किताबुल् हिंद’ लिहिताना हिंदूंची मते त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे मांडली. न्यायदर्शनातील पर्वतावरच्या धुराचे आणि अग्नीचे पंचावयवी अनुमान, आणि धूम-अग्नीची व्याप्ती मुळात कळतेच कशी हा चार्वाकांचा आक्षेप, हे ह्यूमच्या शेजारी ठेवून वाचले तर दोन्ही अधिक उमगतात.

परीक्षेत ईश्वरविरोधी युक्तिवाद लिहावा लागला, उदाहरणार्थ जगातील दुःखाचा युक्तिवाद, तर तो लंगडा करून लिहू नका. तो मानणाऱ्याने वाचला तर ‘हेच माझे म्हणणे’ असे त्याला वाटले पाहिजे. परीक्षण त्यानंतर. गझाली यांनी ‘तहाफुत’मध्ये वीस प्रश्नांवर तत्त्वज्ञांना घेरले, पण त्याआधी ‘मकासिदुल् फलासिफा’ या ग्रंथात त्यांची मते एवढ्या प्रामाणिकपणे मांडली, की बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाल्यावर युरोपातील वाचक गझाली यांनाच त्या पंथाचे तत्त्वज्ञ समजत राहिले.

वाचनाचा आरंभ ‘मुन्किझ’पासून करावा. ग्रंथ लहान आहे आणि त्याची उर्दू व इंग्रजी भाषांतरे मिळतात. ‘किस्तास’ तर्कशास्त्राचे पहिले सत्र संपल्यावर घ्या, म्हणजे आकृत्या ओळखू येतील. ‘तहाफुत’ला पहिल्या वर्षी हात लावू नये; आणि जेव्हा लावाल तेव्हा इब्न रुश्द यांचे उत्तर शेजारी उघडून ठेवा.